वैवाहिक समाधानाची तपासणी : विवाहित स्त्रीने कोठून आणि कोणत्या क्रमाने सुरुवात करावी

लग्न टिकणे, लग्नात जुळवून घेणे आणि लग्नात समाधानी असणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. विवाहित स्त्रीला जेव्हा ‘सगळे ठीक आहे ना?’ असे विचारले जाते, तेव्हा विचारणाऱ्याला बहुधा पहिल्या दोन गोष्टींचीच चौकशी करायची असते. टिकणे बाहेरून दिसते आणि जुळवून घेणे वागण्यातून दिसते. समाधान मात्र त्या व्यक्तीने आपल्या सहजीवनाचे स्वतः केलेले मूल्यमापन असते, त्यामुळे ते तिला विचारल्याशिवाय कळत नाही. पुष्कळदा ते तिला स्वतःलाही नीट ठाऊक नसते, कारण रोजच्या धबडग्यात असमाधान हे थकवा, चिडचिड किंवा झोप न लागणे अशा दुसऱ्याच नावाने वावरत असते.

या समाधानावर परिणाम करणारे घटक पुष्कळ आहेत. पैशांची ओढाताण, घरकामाची वाटणी, संवादाची पद्धत, शरीरसंबंध, मुलांचे संगोपन, नातेवाइकांचा हस्तक्षेप, आरोग्य आणि दोघांचे स्वभाव ही नावे कोणीही सांगू शकेल. नुसत्या यादीचा फारसा उपयोग नसतो, कारण तिच्यातील प्रत्येक गोष्ट प्रत्येक घरात थोडीफार असतेच. तुमच्या बाबतीत यांपैकी नेमके काय जड जात आहे हे ओळखणे आणि योग्य क्रमाने त्याला हात घालणे, हे खरे काम आहे. क्रमाचा आग्रह धरण्याचे कारण असे की स्त्रियांना मिळणारा बहुतेक सल्ला उलट्या टोकाने सुरू होतो. अपेक्षा कमी करा, दृष्टिकोन बदला, सोडून द्यायला शिका, असे उपाय प्रथम सांगितले जातात. प्रत्यक्षात ते सर्वांत शेवटी, आणि तेही ठरावीक परिस्थितीतच, करण्याचे आहेत.

स्त्रिया मुळातच लग्नात कमी समाधानी असतात, असाही एक समज आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात अनेक अभ्यासांतील मिळून एक लाखाहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करण्यात आली, तेव्हा पती आणि पत्नी यांच्या समाधानातील फरक अगदी किरकोळ निघाला, आणि तोही मुख्यतः समुपदेशनासाठी आलेल्या जोडप्यांमुळे दिसत होता. असमाधान हा स्त्रीच्या वाट्याला ठरूनच आलेला भाग नाही. त्याला कारणे असतात आणि त्यांतील बरीचशी शोधता येतात.

त्याआधी एक प्रश्न

पुढील काहीही करण्यापूर्वी स्वतःला विचारा, की मला पतीच्या प्रतिक्रियेची भीती वाटते का. नाराजीची किंवा अबोल्याची धास्ती आणि भीती यांत फरक आहे. मारहाण, धमकी, वस्तूंची फेकाफेक, इच्छेविरुद्ध शरीरसंबंध, फोन आणि पैसे यांवर पाळत, मैत्रिणी व माहेरची माणसे यांच्यापासून पद्धतशीरपणे तोडणे यांपैकी काही घडत असेल, तर प्रश्न समाधानाचा नसून सुरक्षिततेचा आहे. अशा वेळी पतीसमोर मन मोकळे करण्याचे किंवा दोघांनी एकत्र समुपदेशनाला जाण्याचे सल्ले धोकादायक ठरू शकतात, कारण तेथे बोललेल्या शब्दांचा हिशेब नंतर घरी चुकता केला जातो. विश्वासातील व्यक्तीला सांगणे, स्त्रियांसाठी काम करणाऱ्या मदत यंत्रणेशी एकटीने संपर्क साधणे आणि महत्त्वाची कागदपत्रे हाताशी ठेवणे, ही कामे प्रथम करावीत. या लेखातील बाकीचा मजकूर ज्यांना भीती नाही, पण समाधानही नाही, अशा स्त्रियांसाठी आहे.

मोजमाप, भांडणाच्या दिवशी नव्हे

मनातल्या मनात ‘मी सुखी आहे का’ असे विचारले, तर उत्तर त्या दिवशीच्या मनःस्थितीचे येते. म्हणून आकडे लिहून ठेवावेत. वॉल्टर शुम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तयार केलेली कॅन्सस वैवाहिक समाधान मापनी यासाठी सोयीची आहे, कारण तिच्यात तीनच प्रश्न आहेत. तुम्ही तुमच्या लग्नाबाबत किती समाधानी आहात, पती या नात्याने तुमच्या पतीबाबत किती समाधानी आहात, आणि पतीशी असलेल्या तुमच्या नात्याबाबत किती समाधानी आहात, असे ते प्रश्न आहेत. प्रत्येकाला १ म्हणजे अत्यंत असमाधानी आणि ७ म्हणजे अत्यंत समाधानी, या दरम्यानचा एक अंक द्यायचा असतो.

अभ्यासकांच्या हाती ही तिन्ही उत्तरे बहुतेक एकमेकांच्या सोबतच चढतात आणि उतरतात. स्वतःच्या तपासणीसाठी मात्र ती जेथे वेगळी होतात ती जागा मोलाची असते. पतीला ६ आणि लग्नाला ३ असे अंक पडत असतील, तर बोचणारी गोष्ट बहुधा त्या माणसात नसून लग्नाबरोबर आलेल्या जबाबदाऱ्यांत, पैशांत किंवा इतर माणसांत आहे. लग्नाला ५ आणि नात्याला २ असतील, तर घर चालले आहे, पण दोघांमधील जवळीक आटली आहे. याहून तपशीलवार मोजायचे असेल, तर जोडप्यांच्या समाधानासाठी फंक आणि रॉग यांनी २००७ मध्ये मांडलेली प्रश्नावली आहे. तिची ३२, १६ आणि ४ प्रश्नांची अशी तीन रूपे उपलब्ध आहेत. ग्रॅहम स्पॅनियर यांची १९७६ ची ३२ प्रश्नांची मापनी अधिक प्रसिद्ध असली, तरी तिच्यात जुळवून घेणे आणि समाधान यांची सरमिसळ आहे, म्हणून या कामासाठी ती मी सुचवणार नाही.

आकडे आठवड्यातून एकदा, शक्यतो एकाच वारी आणि शांत वेळी, असे चार ते पाच आठवडे लिहावेत आणि तोवर पतीशी त्याबद्दल बोलू नये. प्रत्येक अंकाखाली दोन ओळींत त्या आठवड्यात काय घडले तेही नोंदवावे. या नोंदीचा एक वेगळा फायदा आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९८० मध्ये असे निदर्शनास आणले, की जोडीदाराबद्दलची एकूण भावना इतकी प्रबळ असते, की सुटी कृतीही तिच्याच रंगात दिसते. मन कडवट असेल तर साधा प्रश्नही टोमणा वाटतो आणि मन प्रसन्न असेल तर टोमणाही थट्टा म्हणून खपून जातो. घटना आणि अंक शेजारी शेजारी लिहिलेले असले, की घटनेमुळे भावना बदलली की आधीच्या भावनेमुळे घटना तशी दिसली, हे थोडे तरी उलगडते.

बाहेरून येणारा भार

बेंजामिन कार्नी आणि थॉमस ब्रॅडबरी यांनी १९९५ मध्ये, जोडप्यांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणाऱ्या ११५ अभ्यासांचा आढावा घेऊन, वैवाहिक आयुष्याची एक मांडणी केली. तिच्यानुसार तीन गोष्टी एकमेकींवर परिणाम करतात : प्रत्येकाने लग्नात सोबत आणलेले स्वभाव आणि पूर्वायुष्य, बाहेरून कोसळणारे ताण, आणि त्या ताणांना दोघे मिळून तोंड देण्याची रीत. आपल्या नोंदवहीतील घटना या तीन रकान्यांत टाकून पाहाव्यात. बहुतेक जणींना असे आढळेल की आपण ज्याला ‘त्याचा स्वभाव’ म्हणत होतो त्यातील बराच भाग मधल्या रकान्यात, म्हणजे ताणाच्या रकान्यात, जातो.

तो रकाना आधी पाहावा, कारण ताण माणसाची समोरच्याला समजून घेण्याची ताकदच खाऊन टाकतो. लिसा नेफ आणि कार्नी यांच्या अभ्यासांत असे दिसले, की पत्नीवर बाहेरचा ताण जास्त असलेल्या काळात तीच स्त्री पतीच्या चुकांचा दोष अधिक प्रमाणात त्याच्या स्वभावाला देते, आणि ताण कमी असलेल्या काळात तशाच चुकांकडे अधिक उदारपणे पाहते. तिला समजून घेता येत नाही असे नाही. त्या दिवसांत तेवढे त्राण उरलेले नसते. नोकरीतील अनिश्चितता, आजारी माणसाची शुश्रूषा, कर्ज, अपुरी झोप ही सारी कारणे येथे मोडतात.

बाळाचा जन्म हा यांतील सर्वांत दुर्लक्षित ताण आहे, कारण तो आनंदाचा प्रसंग मानला जातो. ट्वेंगी, कॅम्पबेल आणि फॉस्टर यांनी २००३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मुले असलेल्या जोडप्यांचे वैवाहिक समाधान सरासरीने थोडे कमी आढळले आणि ही घट तान्ह्या बाळांच्या मातांमध्ये सर्वाधिक होती. तुमचे बाळ लहान असेल आणि अंक खाली असतील, तर त्या अंकांवरून लग्नाबद्दल कोणताही मोठा निष्कर्ष काढू नये. आधी झोपेची सोय लावावी. प्रसूतीनंतर किंवा एरवीही दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, भूक आणि झोप बिघडली असेल, तर डॉक्टरांकडे जाणे ही पहिली पायरी आहे. नैराश्य आणि वैवाहिक असमाधान एकमेकांना खतपाणी घालतात, आणि नैराश्यावर उपचार सुरू असल्याशिवाय नात्याचे मूल्यमापन विश्वासार्ह होत नाही.

बाहेरचा ताण सापडला म्हणजे तो लगेच दूर होईल असे नाही. तरी दोघांनी त्याला नाव देणे, ‘आपण एकमेकांवर चिडलेलो नाही, या महिन्याच्या ओझ्यावर चिडलो आहोत’ असे मोठ्याने म्हणणे आणि वादाचे विषय तेवढा काळ बाजूला ठेवणे शक्य असते. एक इशारा येथेच द्यायला हवा. ‘मुले मोठी झाली की आपोआप सगळे बरे होईल’ या भरवशावर राहू नये. लग्नाच्या उत्तरार्धात समाधान पुन्हा वाढते ही कल्पना वेगवेगळ्या वयांच्या जोडप्यांची एकाच वेळी तुलना करणाऱ्या जुन्या अभ्यासांतून आली होती. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच जोडप्यांना अनेक वर्षे पुन्हा पुन्हा विचारले असता तशी वाढ दिसली नाही.

घरकाम, आणि घरकामाची आठवण ठेवण्याचे काम

विवाहित स्त्रियांच्या समाधानाबाबत सर्वांत जास्त वेळ ज्या घटकाला द्यावा असे मला वाटते, तो हा आहे. घरकामाच्या वाटणीवरून होणाऱ्या भांडणात बहुधा तासांचा हिशेब मांडला जातो, आणि तो हिशेब दोघांनाही पटत नाही. समाधानाशी निव्वळ तासांपेक्षा वाटणी न्याय्य वाटते की नाही याचा संबंध अधिक घट्ट असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. तासांत न मावणारे काम कोणते, हे समजले की न्याय-अन्यायाची ही भावना कोठून येते तेही कळते.

समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ मध्ये या अदृश्य कामाचे चार भाग दाखवले. गरज लागण्यापूर्वीच ती ओळखणे, ती भागवण्याचे पर्याय शोधणे, पर्यायांतून निर्णय घेणे आणि ठरलेले प्रत्यक्ष झाले की नाही यावर लक्ष ठेवणे, असे ते चार भाग आहेत. निर्णय घेण्यात दोघांचा सहभाग बऱ्यापैकी सारखा होता. पण गरज ओळखणे आणि लक्ष ठेवणे हे पहिले आणि शेवटचे टोक मुख्यतः स्त्रियांकडे होते. नेमकी हीच टोके दिसत नाहीत आणि हीच मनाला विश्रांती मिळू देत नाहीत. ‘तू सांग ना, मी करतो’ असे म्हणणारा पती मनापासून मदत करत असतो, तरी पत्नीचा शीण कमी होत नाही, त्याचे कारण हे आहे. सांगण्याचे काम तिच्याकडेच राहिलेले असते.

म्हणून वाटणी करताना कृती वाटू नयेत, विषय वाटावेत. समजा, मुलाच्या शाळेचा विषय पतीकडे द्यायचा आहे. तर सूचना वाचणे, कोणत्या तारखेला काय लागणार हे लक्षात ठेवणे, ते आणणे, शिक्षकांना भेटणे आणि राहून गेले तर त्याची जबाबदारी घेणे, हे सर्व त्या विषयाबरोबर गेले पाहिजे. सुरुवातीला एकच विषय निवडावा आणि तो चारही भागांसह, निदान दोन-तीन महिन्यांसाठी, पूर्णपणे सोपवावा. सोपवण्यापूर्वी दोघांनी बसून ‘पुरेसे चांगले’ म्हणजे काय हे ठरवून घ्यावे, कारण बहुतेक सोपवणी याच ठिकाणी कोसळते : त्याने केलेले काम तिच्या पद्धतीचे नसते, ती ते पुन्हा करते, आणि पुढच्या वेळी तो हात लावत नाही. किमान काय व्हायलाच हवे हे आधी ठरले असेल, तर त्याच्या वरचे सगळे ज्याच्याकडे विषय आहे त्याच्या पद्धतीने होऊ द्यावे लागते. एखादी वस्तू आणायची राहिली, तर राहू द्यावी. आठवण करून देण्याचा मोह आवरणे हा या उपायातील सर्वांत कठीण भाग आहे, आणि मूल किंवा आजारी माणूस यांना अपाय होण्याची शक्यता असेल तेथेच त्याला अपवाद करावा.

या बाबतीत एक उलट बाजूही ध्यानात ठेवावी. नॅन्सी ग्रोट आणि मार्गारेट क्लार्क यांनी २००१ मध्ये पहिल्या अपत्याच्या आगमनाच्या काळातील जोडप्यांचा अभ्यास करून असे दाखवले, की अन्यायाच्या जाणिवेतून जसे असमाधान येते, तसेच आधीच्या असमाधानातूनही ‘कोण किती करते’ याचा हिशेब सुरू होतो. तुम्ही अलीकडेच मोजू लागला असाल, आणि वाटणी मात्र वर्षानुवर्षे तीच असेल, तर हिशेबाच्या मागे दुसरे काही दुखत आहे का, तेही पाहावे. नोंदवहीतील ज्या आठवड्यांत हिशेबाचा उल्लेख अधिक आहे त्यांच्या लगेच आधीचे आठवडे वाचल्यास ते बहुधा सापडते.

विषय काढावा कसा

भार आणि कामे तपासून झाली, की दोघांमधील बोलण्याकडे यावे. येथे अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि क्रिस्टोफर हीव्ही यांनी १९९० मध्ये अभ्यासलेला एक आकृतिबंध उपयोगी पडतो. एक जण मागणी करतो, पाठपुरावा करतो, तक्रार करतो. दुसरा विषय टाळतो, गप्प होतो, उठून जातो. त्याच्या गप्प बसण्यामुळे पहिल्याचा आवाज चढतो आणि चढलेल्या आवाजामुळे दुसरा आणखी आत जातो. पाठपुरावा करणारी बहुधा पत्नी असते, पण त्यांच्या अभ्यासात ही विभागणी पत्नीला बदल हवा असलेल्या विषयावर बोलताना ठळक होती. पतीला बदल हवा असलेल्या विषयावर ती तशी दिसली नाही. म्हणजे ‘बायका कटकट करतात’ हे निरीक्षण अपुरे आहे. ज्याला बदल हवा असतो तो मागे लागतो, आणि ज्याला आहे ते सोयीचे असते तो टाळतो.

हे चक्र तोडण्याची जबाबदारी दोघांची आहे, तरी हा लेख तुम्ही वाचत आहात म्हणून तुमच्या बाजूची कृती सांगतो. जोडप्यांच्या संवादाचे अभ्यासक जॉन गॉटमन यांच्या निरीक्षणानुसार, वाद कोणत्या सुरात सुरू होतो यावर तो कसा संपेल हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. तक्रार एका घटनेबद्दल करावी, माणसाबद्दल नव्हे. ‘तुला घराची काही पडलेलीच नाही’ हे माणसाबद्दलचे विधान आहे आणि त्याला ‘मला पडलेली आहे’ एवढेच उत्तर असू शकते. ‘काल तू उशिरा येणार हे मला कळले नाही, त्यामुळे मी जेवायची थांबले आणि मग चिडले, उशीर होणार असेल तर सहापर्यंत कळवशील का?’ यात घटना आहे, भावना आहे आणि करता येण्याजोगी विनंती आहे. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे दोन शब्द बोलण्यातून काढले, तरी निम्मी वादावादी टळते, असा माझा अंदाज आहे. विषय काढण्याची वेळही आधी सांगावी : ‘मला पैशांबद्दल बोलायचे आहे, आज रात्री की उद्या सकाळी?’ टाळणाऱ्या माणसाला टाळण्याऐवजी वेळ निवडण्याची संधी दिली, तर तो आत जाण्याची शक्यता कमी होते. निवडलेली वेळही त्याने टाळली, तर मात्र ती घटना स्वतंत्र विषय म्हणून, त्याच पद्धतीने, मांडावी.

सर्व तक्रारींपेक्षा अधिक घातक गोष्ट म्हणजे तुच्छता. डोळे फिरवणे, नक्कल करणे, चारचौघांत पाणउतारा करणे, ‘तुला काय कळते’ असे म्हणणे यांचा परिणाम साध्या रागाहून फार खोल जातो. नोंदवहीत अशा प्रसंगांची नोंद स्वतंत्र खुणेने करावी, मग ते त्याच्याकडून असोत की तुमच्याकडून. गॉटमन यांना सुस्थितीतील जोडप्यांच्या वादातही एका नकारात्मक देवाणघेवाणीमागे साधारण पाच सकारात्मक आढळल्या. त्या म्हणजे स्तुतिसुमने नव्हेत, तर मान डोलावणे, ‘हे तुझे बरोबर आहे’ असे म्हणणे, मध्येच हसणे, आपला आवाज चढल्याचे कबूल करणे अशा लहान गोष्टी असतात.

वादाइतकाच महत्त्वाचा, पण फारसा विचारात न घेतला जाणारा प्रसंग म्हणजे चांगली बातमी. शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ पासून केलेल्या अभ्यासांत असे आढळले, की जोडीदाराने आनंदाची बातमी सांगितल्यावर उत्सुकतेने दोन प्रश्न विचारणाऱ्यांचे नाते अधिक समाधानी असते, तर ‘छान’ म्हणून पुन्हा फोनमध्ये पाहणाऱ्यांचे तसे नसते. तुमच्या कामातील लहानसे यश तुम्ही घरी सांगता का, आणि सांगणे बंद केले असेल तर केव्हापासून, हे आठवून पाहा. नात्याला २ अंक देणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत हा धागा भांडणांपेक्षा अधिक काही सांगून जातो.

पैसा, नातेवाईक आणि शरीरसंबंध

पैशांबाबत रक्कम किती यापेक्षा माहिती कोणाकडे आणि निर्णय कोणाचा, हे पाहावे. घरातील उत्पन्न, कर्ज आणि बचत तुम्हाला ठाऊक नसेल, किंवा स्वतःसाठी खर्च करताना परवानगी घ्यावी लागत असेल, तर त्याचा सल समाधानाच्या प्रत्येक अंकात उतरतो. महिन्यातून एकदा दोघांनी सर्व खाती एकत्र पाहणे आणि प्रत्येकाकडे विनाहिशेब खर्चाची ठरावीक रक्कम असणे, एवढ्याने बराच फरक पडतो. नातेवाइकांबाबत एकच नियम पुरेसा आहे : ज्याचे नातेवाईक, त्याने त्यांच्याशी बोलावे, आणि दोघांनी मिळून घेतलेला निर्णय ‘आमचा निर्णय’ म्हणून सांगावा.

शरीरसंबंधांविषयी थोडे सविस्तर बोलणे भाग आहे, कारण तो विषय सर्वांत जास्त टाळला जातो. जेम्स मॅकनल्टी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये नवविवाहित जोडप्यांच्या दीर्घ पाठपुराव्यातून दाखवले, की लैंगिक समाधान आणि वैवाहिक समाधान दोन्ही बाजूंनी एकमेकांवर परिणाम करतात. त्यामुळे ‘नाते सुधारले की ते आपोआप सुधारेल’ हेही पूर्ण खरे नाही आणि त्याच्या उलटही नाही. वेदना होत असतील, प्रसूती, स्तनपान किंवा रजोनिवृत्ती यांमुळे इच्छा कमी झाली असेल, किंवा नैराश्यावरील औषधांनंतर फरक पडला असेल, तर ती वैद्यकीय बाब आहे आणि स्त्रीरोगतज्ज्ञाकडे तिची चर्चा करताना संकोच करू नये. वैद्यकीय कारण नसेल, तर बोलणे त्या क्षणी किंवा त्यानंतर लगेच करू नये. दिवसा, इतर कामे करताना, ‘मला काय आवडते’ येथून सुरुवात करावी, ‘तू काय करत नाहीस’ येथून नव्हे. नकार देता येणे आणि नकारानंतरही जवळीक शिल्लक राहणे, ही या बाबतीतील समाधानाची पूर्वअट आहे.

वृत्ती बदलण्याचा उपाय, आणि त्याची मर्यादा

स्वतःचा स्वभाव आणि अपेक्षा यांचाही वाटा असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. लवकर चिंताग्रस्त होणाऱ्या, नकारार्थी भावना तीव्रतेने जाणवणाऱ्या व्यक्तींचे वैवाहिक समाधान सरासरीने कमी असते. दृष्टिकोन बदलण्याचा एक उपाय खरोखर तपासलेलाही आहे. एली फिंकेल आणि सहकाऱ्यांनी १२० जोडप्यांना दोन वर्षे अभ्यासले आणि दुसऱ्या वर्षी त्यांतील निम्म्यांना दर चार महिन्यांनी सात मिनिटांचे एक लेखन करायला लावले. अलीकडचे मोठे भांडण, दोघांचेही भले चिंतणाऱ्या तटस्थ व्यक्तीच्या नजरेतून लिहायचे. तसे पाहण्यात आपल्याला काय आड येते ते लिहायचे. आणि पुढील काळात त्या नजरेने कसे पाहता येईल ते लिहायचे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात लेखन न करणाऱ्या जोडप्यांचे समाधान घसरत राहिले आणि लेखन करणाऱ्यांची घसरण थांबली. घसरण थांबली, समाधान उंचावले नाही, हे लक्षात घेतले तर उपायाकडून योग्य तेवढीच अपेक्षा राहील.

हा उपाय शेवटी का ठेवला, याचे कारण मॅकनल्टी यांच्याच २००८ च्या अभ्यासात आहे. क्षमाशील वृत्तीचा फायदा ज्यांचे जोडीदार क्वचितच वाईट वागत होते अशांना झाला. ज्यांचे जोडीदार वारंवार वाईट वागत होते त्यांच्या बाबतीत अधिक क्षमा करणाऱ्यांचे समाधान उलट अधिक घसरले. म्हणून ‘सोडून द्यायला शिका’ हा सल्ला सरसकट देणे चुकीचे आहे. तुच्छतेच्या खुणांनी नोंदवही भरलेली असेल, किंवा ठरलेली जबाबदारी पुन्हा पुन्हा झटकली जात असेल, तर तेथे समजूतदारपणा वाढवणे हा उपाय नाही.

समुपदेशन आणि पुन्हा मोजमाप

दोन-तीन महिने प्रयत्न करूनही तेच भांडण त्याच शब्दांत परत येत असेल, तर प्रशिक्षित विवाह-समुपदेशकाकडे जावे, आणि ते असमाधान जुने होण्यापूर्वी जावे. क्रिस्टेन्सन यांच्या गटाने दीर्घकाळ तीव्र असमाधानात असलेल्या १३४ जोडप्यांवर दोन प्रकारची उपचारपद्धती वापरली. पाच वर्षांनंतर सुमारे निम्म्या जोडप्यांत लक्षणीय सुधारणा टिकून होती आणि सुमारे एक चतुर्थांश जोडपी विभक्त झाली होती. पहिल्या भेटीत समुपदेशकाला तीन गोष्टी विचाराव्यात : जोडप्यांसोबत काम करण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण आहे का, दोघांना एकेकटे भेटून सुरक्षिततेची विचारपूस केली जाते का, आणि प्रगती कशी मोजली जाते. पती यायला तयार नसेल, तर एकटीने जाणेही उपयोगाचे असते.

एका वेळी एकच घटक हाती घ्यावा, तो घेतल्यापासून बारा आठवड्यांनी तेच तीन प्रश्न पुन्हा चार आठवडे विचारावेत आणि जुन्या सरासरीशी तुलना करावी. एका अंकाच्या आतील फरक मनावर घेऊ नये. कामाची वाटणी बदलल्यावर लग्नाबाबतचा अंक वाढला आणि नात्याबाबतचा तेथेच राहिला, तर वाटणी तशीच ठेवून पुढचा क्रम बोलण्याचा लावावा. नात्याचा अंक वाढला आणि लग्नाचा वाढला नाही, तर बाहेरच्या ताणाचा रकाना पुन्हा उघडावा. तिन्ही अंक खाली गेले आणि त्या काळात पतीने कोणतीच जबाबदारी उचलली नसेल, तर पुढचा घटक निवडण्याऐवजी ती नोंदवही घेऊन समुपदेशकाची वेळ ठरवावी.